प्रोग्रामिंग शिकताय? या चुका टाळा

बेळगावच्या टिळकवाडीत मी संध्याकाळी मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. खानापूर, येळ्ळूर, निपाणीहून मुलं बस बदलत येतात. कष्टाला कुणी कमी नाही. म्हणूनच त्याच त्या चुकांपायी त्यांचे महिने वाया गेलेले मला बघवत नाहीत.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे एरर, म्हणजे प्रोग्राम अडला की पडद्यावर येणारा संदेश, न वाचणं. लाल अक्षरं दिसली की मुलं घाबरतात आणि सगळा मजकूर उचलून एआयला देतात. तिथून येईल ते डकवायचं, पुन्हा एरर, पुन्हा डकवायचं. खानापूरच्या एका मुलानं कुंद्याच्या, म्हणजे मिठाईच्या, दुकानासाठी बिलाचा प्रोग्राम लिहायला घेतला होता. दोन दिवसांनी आला, "सर, पायथन चालंना झालंय." मधल्या वेळेत त्यानं पायथन तीनदा काढून पुन्हा टाकलं होतं! म्हटलं, शेवटची ओळ मोठ्यानं वाच बघू. तिथं 'टाइपएरर' होता आणि 'एसटीआर', म्हणजे मजकूर, हा शब्द होता. दर आणि वजन त्यानं 'इनपुट'नं, म्हणजे वापरणाऱ्याला विचारून, घेतलं होतं. पायथन ३ मध्ये 'इनपुट' जे देतं तो मजकूर असतो, आकडा नव्हे. मजकुराला मजकुरानं गुणता येत नाही. त्यानं दोन्हीकडं मजकुराचा पूर्णांक करणारं 'इंट' लावलं, दोन किलोचं बिल बरोबर आलं. मग अर्ध्या किलोसाठी ०.५ टाकलं आणि 'व्हॅल्यूएरर' आला, कारण 'इंट'ला दशांश चिन्हाचा मजकूर चालत नाही. या वेळी मी गप्प बसलो. त्यानं शेवटची ओळ वाचली, वरचा ओळ क्रमांक शोधला आणि वजनाला दशांशही चालणारं 'फ्लोट' लावलं. पाच मिनिटं लागली.

तेव्हापासून माझ्याकडं नियम आहे: एररची शेवटची ओळ वहीत हातानं लिहायची, खाली मराठीत अर्थ लिहायचा, मगच मदत मागायची. निम्मे प्रश्न वहीतच सुटतात.

दुसरी चूक, उसना प्रोजेक्ट. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून कुणाचा तरी उतरवायचा, नाव बदलायचं आणि बायोडेटात टाकायचा. आमचा एक मुलगा रात्रीच्या बसनं पुण्याला मुलाखतीला गेला. प्रोजेक्ट देखणा होता. समोरच्यांनी एवढंच सांगितलं, "हजाराच्या वरच्या बिलावर पाच टक्के सूट दे." बिलाची बेरीज कुठल्या फाइलमध्ये होते हेच त्याला सापडेना. पोरगं हुशार होतं, त्या उसन्या कोडनं त्याला घालवलं. साठ ओळींचा स्वतः लिहिलेला प्रोग्राम दाखवला असता तर सूट तिथल्या तिथं घातली असती. मुलाखतीला जाण्याआधी प्रोजेक्टचा एक भाग पुसून कोऱ्या फाइलमध्ये पुन्हा लिहून बघा. जमला नाही तर तो प्रोजेक्ट तुमचा नाही. 'तीन महिन्यांत नोकरी' म्हणणाऱ्या जाहिरातींनी ही घाई मुलांच्या डोक्यात भरवली आहे, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका, ऑफर लेटर कितीही खरं वाटो.

पायथन अर्धवट टाकून जावा, जावा टाकून आणखी काही, असं करू नका. एक भाषा वर्षभर धरा.

'फायनल', 'फायनल२', 'खरंफायनल' अशा फाइली साठवू नका, कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं गिट शिका. पासवर्ड मात्र गिटहबवर चढवू नका.

मराठी माध्यमातून आलोय, इंग्रजी पक्कं झालं की अर्ज करीन, म्हणून थांबू नका. आपला प्रोग्राम काय करतो हे पाच वाक्यांत सांगता आलं तरी सुरुवात होते. बेंगळुरूला जायचं असेल तर शेजाऱ्यांकडून कानावर पडलेली कन्नड बोलायला लाजू नका, तिथं ती रोज कामाला येते.

आणि पुणे-बेंगळुरूकडं डोळे लावून घरी बसू नका. इथल्याच उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, जाऊन स्टॉकचा हिशेब कसा ठेवतात ते विचारा, नाहीतर ओळखीच्या दुकानदाराच्या एक्सेल फाइली जोडून द्या. पैसे थोडे मिळतील. पण महिनाअखेरीला मालकाचा फोन येईल, "बेरीज जुळत नाही, येऊन बघ." त्या दिवशी वही घेऊन जा.