व्हॅनला अलॉय बसवताना टायरचा साइज कसा ठरवायचा

अलॉय घ्यायचे म्हटलं की बहुतेक जण आधी रिम पसंत करतात आणि मग तिच्यावर बसेल तो टायर शोधतात. कारमध्ये हे बऱ्याचदा खपून जातं. व्हॅनमध्ये मात्र उलट्या टोकाने सुरुवात करायची: मागच्या एक्सलवर किती वजन येणार, ते पेलणारा टायर कोणता आणि त्या टायरला चालणारी रिम कोणती.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली वजनाची प्लेट असते. तिच्यावर एकूण वजनाशिवाय दोन्ही एक्सलचं कमाल वजन वेगवेगळं दिलेलं असतं. समजा, मागचा आकडा १६०० किलो आहे. म्हणजे एका टायरवर ८०० किलो, आणि लोड इंडेक्समध्ये (टायर किती वजन पेलतो हे सांगणारा, टायरवर छापलेला सांकेतिक आकडा) ८०० किलो म्हणजे १००. ही झाली तळाची मर्यादा. कंपनीने त्याहून जास्त इंडेक्सचा टायर दिला असेल तर त्याखाली न उतरलेलंच बरं. टायरवर १०७/१०५ असे दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. आपल्याला पहिला बघायचा.

आता व्यासाचं गणित. मूळ टायर २०५/६५ आर १६ सी आहे असं धरू: २०५ मि.मी. रुंदी, १६ इंचाची रिम, आणि सी म्हणजे माल वाहणाऱ्या गाडीचा टायर. साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची २०५ च्या ६५ टक्के, म्हणजे १३३.२५ मि.मी. ती वर आणि खाली दोनदा धरली की २६६.५. रिम १६ इंच गुणिले २५.४, म्हणजे ४०६.४. बेरीज ६७२.९ मि.मी. नवा टायर या आकड्याच्या जितका जवळ तितकं चांगलं. ३ टक्क्यांपलीकडे जाऊच नये. व्यास वाढला की स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवतो, शिवाय भरलेली गाडी चढावर जड वाटते.

१७ इंचात २१५/६० घेतला तर व्यास ६८९.८, म्हणजे अडीच टक्के मोठा. मर्यादेत आहे, पण काठावर. २२५/५५ आर १७ सी चा ६७९.३ येतो, फरक जेमतेम १ टक्का. १०९ इंडेक्समध्ये मिळाला तर एका टायरला १०३० किलो चालतात. माल वाहणाऱ्या व्हॅनला आम्ही हाच सुचवू.

१८ इंचात खरी फसगत होते. २३५/४५ आर १८ चा व्यास ६६८.७, कागदावर अगदी फिट. पण या साइजचा ९८ इंडेक्सचा एक्सएल (जास्त वजनासाठी मजबूत केलेला कारचा) टायर घेतला तर तो ७५० किलोच पेलतो. दोन टायर मिळून १५००, एक्सलला हवेत १६००. रिकाम्या गाडीत काहीच जाणवत नाही. पूर्ण माल भरून लांबच्या रस्त्याला लागलं की साइडवॉल तापतो आणि तिथूनच टायर फुटतो. त्यात ४५ ची साइडवॉल खड्ड्यात सहज मार खाते.

रिमवरही कमाल वजन कोरलेलं असतं, बऱ्याचदा आतल्या बाजूला. आपल्या उदाहरणात ते किमान ८०० किलो हवं. कारसाठी बनवलेल्या बऱ्याच अलॉय इथेच बाद होतात. वजनाचा आकडा कुठेच सापडत नसेल तर ती रिम सोडून द्या.

बोल्टांची संख्या आणि पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) तंतोतंत जुळलेच पाहिजेत. रिमचं मधलं भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं त्या भागापेक्षा) मोठं असेल तर मापाची रिंग घाला, नाहीतर चाक नीट मधोमध बसत नाही आणि स्टेअरिंग थरथरतं. रिमची रुंदी (जे च्या आधीचा आकडा, इंचात) आणि ऑफसेट (ईटी, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर, मि.मी.मध्ये) एकत्र मोजा. ६.५ जे, ईटी ५० च्या जागी ७.५ जे, ईटी ४० लावली तर रिमची बाहेरची कड सुमारे २३ मि.मी. बाहेर येते आणि आतली जवळपास ३ मि.मी. आत सरकते. चाक बसवल्यावर स्टेअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून बघा, गाडीत वजन भरून पुन्हा बघा. सरकतं दार पूर्ण उघडून ते मागच्या टायरला घासत नाही ना, हेही तपासा. हे हमखास विसरलं जातं.

हवेचं प्रेशर जुन्या स्टिकरवरून आंधळेपणाने घेऊ नका. सी टायरला वजनाप्रमाणे बरंच जास्त प्रेशर लागतं, तेव्हा टायर कंपनीचा तक्ता बघा. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच चालतो. तुमचं प्रेशर त्याच्या जवळ जात असेल तर धातूचा, नटाने आवळायचा व्हॉल्व्ह बसवा.

अलॉय लोखंडी रिमपेक्षा जाड असते, त्यामुळे जुने बोल्ट आखूड पडू शकतात. एम १४ × १.५ चा (१४ मि.मी. जाडीचा, १.५ मि.मी. अंतराच्या आट्यांचा) बोल्ट किमान साडेसात आटे आत जायला हवा. फार लांबही नको, नाहीतर त्याचं टोक आत ब्रेकच्या भागांना लागतं. बोल्टची बैठक शंकूची की गोल, हे रिमशी जुळवून घ्या आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. स्टेपनी लोखंडीच राहणार असेल तर तिचा व्यास नव्या टायरशी ताडून बघा आणि जुने बोल्ट जॅकच्या पिशवीत ठेवा. अलॉयचे लांब बोल्ट तिला चालत नाहीत, आणि हे नेमकं पंक्चर झाल्यावर लक्षात येतं.