सुपीक, कसदार, फलद्रूप: कोणता शब्द कुठे शोभतो

आमच्या बडोद्यातल्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचे लेख तपासण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मागच्या खेपेस एका लेखात "करजणकडची काळी जमीन फार फलद्रूप आहे" असे वाक्य आले. लेखिका बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेली, घरी मराठी आणि शाळेत गुजराती शिकलेली. तिला त्या वाक्यात काहीच खटकले नाही, कारण गुजरातीत सुपीक जमिनीला "फळद्रुप" असेच म्हणतात. मराठीत मात्र जमीन फलद्रूप नसते. प्रयत्न फलद्रूप होतात, बोलणी फलद्रूप होतात, वर्षानुवर्षे रखडलेली एखादी योजना एकदाची फलद्रूप होते. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे शब्दापुढे कोणते क्रियापद येते ते पाहावे. सुपीक हा गुण आहे, म्हणून जमीन सुपीक "असते". फलद्रूप हा शेवट आहे, म्हणून तो सहसा "होणे" या क्रियापदाबरोबर येतो. बडोद्यात मराठी लिहिणाऱ्याने ही खूण आधी लक्षात ठेवावी, कारण इथे चुका अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांमुळेच जास्त होतात.

जमिनीसाठी "सुपीक" हा शब्द बिनधोक आहे. त्याच्या उलट "नापीक". मुळीच न कसलेली जमीन असेल तर "पडीक", आणि या दोहोंत गल्लत करू नये, कारण पडीक जमीन उत्तम सुपीकही असू शकते. हिंदीच्या कानाने लिहिणारे "उपजाऊ" लिहितात. अर्थ समजतो, पण मराठीत उपजणे म्हणजे जन्मणे, आणि म्हणूनच आपण "उपजत बुद्धी" म्हणतो. शेतासाठी "पिकाऊ" हा शब्द हाताशी असताना उपजाऊ आणण्याची गरज नाही. "उर्वरा" हा संस्कृत शब्द कवितेत शोभतो, सात-बाराच्या भाषेत नाही. शेतकरी स्वतः बहुधा "भारी जमीन" आणि "हलकी जमीन" असे बोलतो. खोल, काळी, ओल धरून ठेवणारी ती भारी, आणि बडोदा-भरूचकडच्या कानम प्रदेशातली कापसाची जमीन या जातीची. शहरी मुलांच्या तोंडचे "भारी" वेगळे, हे सांगायला नको.

माणसाच्या डोक्यालाही सुपीक म्हणतात, पण तिथे जपून. "ही कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली?" या प्रश्नात कौतुक नसते, चिमटा असतो. गुजरातीतही "फळद्रुप भेजुं" म्हणतात, म्हणजे थट्टेपुरते दोन्ही भाषांचे जमते. खरोखर स्तुती करायची असेल तर "कल्पक" लिहावे.

माझ्या मते या सगळ्या घराण्यातला सर्वांत उपयोगी शब्द "कसदार" हा आहे. कस म्हणजे अंगातले सत्त्व. त्यामुळे जमीन कसदार, बाजरीची भाकरी कसदार, नटाचा अभिनय कसदार आणि लेखनही कसदार असू शकते. सुपीक हा शब्द इतका लांब जात नाही. सत्त्व उरले नाही की "निकस" म्हणावे, जसे निकस आहार किंवा निकस जमीन. "जमीन कसणे" म्हणजे मशागत करून पीक काढणे, आणि "कसलेला" म्हणजे सरावाने तयार झालेला: कसलेला गवई, कसलेला मल्ल. कसदार गवई म्हटले तर चूक होत नाही, पण अर्थ बदलतो. कसलेल्यात मेहनत दिसते, कसदारात मूळचे सत्त्व.

आता खताकडे येऊ, कारण आमच्या घरात गोंधळ तिथेच होतो. गुजरातीत खताला "खातर" म्हणतात, म्हणून रोपवाटिकेतून आणलेल्या पिशवीवर "छाणियुं खातर" असे छापलेले असते, ते आपले शेणखत. मग कुंड्यांपाशी उभे राहून सासूबाई हाक मारतात, "अगं, मोगऱ्याला खातर घातलंस का?" मराठीत "खातर" म्हणजे "साठी", जसे "मुलांच्या खातर", झाडाला घालायचे ते "खत". घरात बोलताना चालते, लिहिताना सुधारावे. मराठीत दस्तऐवजालाही खत म्हणतात, म्हणून खरेदीखत. संदर्भ असला की घोटाळा होत नाही. शेतीविषयी लिहिताना शेणखत, कंपोस्ट यांसारखी मोठ्या प्रमाणात घालावी लागणारी ती "भरखते" आणि थोड्या वजनात जास्त अन्नद्रव्ये देणारी ती "वरखते" हा भेद पाळावा. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून तो वरखत. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश यांना नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द रुळलेले आहेत. विशेषनामांना मात्र हात लावू नये. आपल्या बडोद्याजवळच्या फर्टिलायझरनगराचे कोणी खतनगर केले तर रिक्षावाला तिथे नेणार नाही.

"खतपाणी घालणे" हा वाक्प्रचार जवळजवळ नेहमी वाईट गोष्टीसाठी येतो. संशयाला, भांडणाला, अफवेला खतपाणी घालतात. "संस्थेने नवोदित कलावंतांना खतपाणी घातले" असे एका अहवालात वाचले तेव्हा ते "प्रोत्साहन दिले" असे करावे लागले.

मूल होण्याच्या संदर्भात माणसांसाठी सुपीक हा शब्द कधीही वापरू नये. वैद्यकीय मजकुरात "प्रजननक्षमता" आणि "वंध्यत्व" लिहावे. "वांझ" हा शब्द बाईसाठी लिहिणे क्रूरपणाचे आहे. "वांझोटी चर्चा" सर्रास छापून येते, मला तीही टाळावीशी वाटते. "फलित" हा शब्द दोन ठिकाणी चालतो: फलित अंडे, आणि "या बैठकीचे फलित काय?"

भर घालून गुण वाढवले असतील तर "समृद्ध" येतो. अनुभवाने माणूस समृद्ध होतो, आणि निसर्गात जेमतेम ०.७ टक्के असलेल्या युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवले की ते समृद्ध युरेनियम. मिठाला मात्र समृद्ध म्हणू नये, ते आयोडीनयुक्त.

स्मरणिकेतले ते वाक्य शेवटी असे छापले: "करजणकडची काळी जमीन फार कसदार आहे." लेखिकेने ते मान्य केले, फक्त "फार" हा शब्द परत मागून घेतला.