जुन्या जीपला पुढचे शॉकअप बसवताय? या चुका टाळा

पाटे (लीफ स्प्रिंग) नवे घातले, उंची दोन इंच वाढवली, टायर मोठे टाकले आणि डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) "लावून टाकले". जीप इथेच बिघडते. शॉकअप चढतो सगळ्यात शेवटी, पण त्याची मापं सगळ्यात आधी घ्यायची असतात. खालचं सगळं पाट्यांवरच्या सरळ अ‍ॅक्सलसाठी आहे. जीपचा नळीचा अ‍ॅक्सल असो की हॉट रॉड (जुनी गाडी बदलून नव्याने बांधलेली) बांधताना घातलेला आय-बीम (I आकाराचा घडीव अ‍ॅक्सल), हिशेब तोच.

"उंची वाढवलीय, लांबवाला शॉकअप द्या"

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक ही आहे. लांब शॉकअप उघडतो जास्त, हे सगळ्यांच्या लक्षात येतं. तो मिटल्यावरही लांबच राहतो, हे कोणी बघत नाही.

दिंडोरीकडच्या एका बागायतदाराच्या जीपचं उदाहरण घ्या. पाटे वाकवून गाडी उचललेली, शॉकअप नवे, मिटल्यावर ३३० आणि उघडल्यावर ५३० मि.मी. लांबीचे. गाडी चाकांवर उभी असताना शॉकअप ज्या दोन पिनांवर बसतो त्यांतल्या वरच्या पिनपासून खालच्या पिनपर्यंत ४०५ मि.मी. म्हणजे शॉकअपला वर जायला शिल्लक जागा ७५ मि.मी. अ‍ॅक्सल आणि चेसिसच्या स्टॉपर रबरामधलं (चाक पूर्ण वर आलं की धक्का घेणारं रबर) अंतर मात्र ९० मि.मी. खड्ड्यात चाक वर आलं की रबर अजून १५ मि.मी. दूर असतानाच शॉकअप तळाला टेकायचा. थोडक्यात, गाडीचा सगळा धक्का अंगावर घेणारा स्टॉपर म्हणजे तो शॉकअपच.

द्राक्षबागेच्या कच्च्या रस्त्यावर रिकामी गाडी असताना काही कळलं नाही, नुसता अधूनमधून "ठक्" आवाज यायचा. पावसाळ्यात चार माणसं बसवून गाडी पेठ रोडने सावळघाट उतरायला लागली आणि डाव्या बाजूचं वरचं ब्रॅकेट चेसिसचा तुकडा घेऊनच निघालं. वेल्डिंग शाबूत होतं, फाटला तो त्याच्या शेजारचा पत्रा. सुटलेलं ब्रॅकेट ब्रेकच्या पाइपपासून दोन बोटांवर लटकत होतं.

दुरुस्तीला नवे शॉकअप लागले नाहीत. वरचं ब्रॅकेट ४५ मि.मी. वर घेतलं, एवढंच. मग उभ्या गाडीचं माप झालं ४५०. चाक ९० मि.मी. वर आलं आणि रबर १५ मि.मी. दबलं तरी शॉकअपची लांबी उरते ३४५, म्हणजे तळापासून १५ मि.मी. दूर. चाक खाली लटकलं की पाटे ६५ मि.मी. सोडतात, तेव्हा लांबी ५१५. तिथेही १५ मि.मी. शिल्लक. दोन्ही टोकांना किमान १०-१२ मि.मी. राहिलेच पाहिजेत.

तुमच्या गाडीची मापं वेगळी येतील, म्हणून दुसऱ्याच्या गाडीची मापं उचलू नका. घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) चेसिसखाली लावा, अ‍ॅक्सलखाली नाही. पाट्यांचा गठ्ठा सोडून फक्त मेन पाटा ठेवा, चाक चढवा आणि जॅकने अ‍ॅक्सल रबराला टेकेपर्यंत उचला. इथे दोन्ही पिनांमधलं माप घ्या. मग स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि टायर, स्टीअरिंगचे दांडे (ड्रॅग लिंक, टाय रॉड), ब्रेकचा होज यांतलं काय ब्रॅकेटच्या जागेत येतं ते बघा. नंतर एकच चाक उचलून हेच पुन्हा करा, कारण अ‍ॅक्सल तिरका झाला की जागा बदलते. लटकण्याचं माप मात्र पूर्ण गठ्ठा परत बांधून घ्यायचं. एवढ्याला अर्धा दिवस जातो. तो द्यायची तयारी नसेल तर ग्राइंडर हातात घेऊ नये.

आणि जुनं स्टॉपर रबर झिजून गेलंय म्हणून काढून टाकलं असेल, तर आधी ते आणा. त्याच्याशिवाय कुठलंच माप खरं नाही.

शॉकअप आडवा पाडणे

लांब शॉकअप जागेत बसत नाही, मग तो तिरका करून बसवतात. बसतो, पण काम करत नाही. तिरकेपणाचा फटका दोनदा बसतो. चाक जेवढं हलतं त्यापेक्षा शॉकअप कमी हलतो, आणि त्यातून जो जोर निर्माण होतो त्याचाही काही भागच उभा लागतो. सरळ उभ्या शॉकअपचं काम १०० धरलं तर १५ अंशांवर ९३ उरतं, ३० अंशांवर ७५ आणि ४५ अंशांवर निम्मं. मालक म्हणतो "शॉकअप नरम निघाले", दुकानदार कडक शॉकअप देतो, पण कोन तसाच राहतो. मोबाइलवर लेव्हलचं अ‍ॅप असतं, ते शॉकअपला लावून बघा. १५-२० अंशांच्या आत असेल तर निश्चिंत राहा. त्यापुढे असेल तर ब्रॅकेट हलवा, शॉकअप बदलत बसू नका.

खालची पिन चाकाच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या. दोन्ही शॉकअप मधोमध सरकवले की वळणावर गाडीचं डोलणं आवरायला त्यांच्या हातात काही उरत नाही.

पिन आणि बोल्ट

जीपची मूळ पिन एकाच बाजूने धरलेली असते हे खरं, पण तिचं बूड जाड असतं आणि रबर अगदी बुडाशी बसतं. त्याऐवजी साधा बोल्ट घालून, मध्ये चार वॉशर कोंबून शॉकअप बाहेर काढला की तो बोल्ट दर खड्ड्याला वाकतो आणि एक दिवस आट्यांपाशी तुटतो. नवं ब्रॅकेट बनवायचंच असेल तर दोन कानांचं बनवा, ५ किंवा ६ मि.मी. प्लेटमधून. बोल्ट १२ मि.मी., डोक्यावर ८.८ चा (मजबुतीच्या दर्जाचा) शिक्का असलेला. शॉकअपच्या डोळ्यात बोल्टचा गुळगुळीत भाग आला पाहिजे, आटे नाहीत. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदा काढला की नवा घाला.

पिनेवरच्या रबराला नट किती आवळायचा? रबर फुगून वॉशरच्या कडेला आलं की थांबायचं. त्यापुढे अर्धा फेरासुद्धा नाही. चपटं झालेलं रबर महिनाभरात चिरतं. आतमध्ये लोखंडी बाही असलेलं बुश असेल तर गोष्ट उलटी: बाही घट्ट पकडली गेलीच पाहिजे, पण शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करून. हा नियम पाट्यांच्या बुशांना तर जास्तच लागू आहे.

वेल्डिंग

आय-बीमवर वेल्डिंग करू नका. घडीव पोलादाला टाक्याशेजारी ताप लागून तो भाग ठिसूळ होतो, आणि तडा गेला तर चाकासकट जातो. ब्रॅकेट बोल्टने किंवा पाट्याच्या यू-बोल्टखालच्या प्लेटवर घ्या. जीपच्या अ‍ॅक्सलच्या नळीवर नीट टाका चालतो, मधल्या ओतीव गोळ्यावर (डिफरन्शियलवर) नाही.

चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, उभ्या बाजूला पाडा. पातळ पत्र्यावर ब्रॅकेट थेट चिकटवण्याऐवजी आधी ५ मि.मी.ची मोठी, गोल कोपऱ्यांची प्लेट लावा. सावळघाटात फाटलेल्या चेसिसला नेमकं हेच नव्हतं.

शॉकअप जागेवर ठेवून वेल्डिंग तर कधीच नको. दांड्यावर एक ठिणगी चिकटली की पुढे प्रत्येक फेरीला ती सील कापते. जागा ठरवायला त्याच मापाचा पाइप कापून वापरा. तेवढ्या वेळात बॅटरीची वायरही काढून ठेवा.

किरकोळ वाटणाऱ्या, पण नडणाऱ्या

दुकानात आडवा पडलेला तेलाचा शॉकअप तसाच लावू नका. उभा धरून पूर्ण ओढा, उलटा करून पूर्ण दाबा, असं चार-पाच वेळा, म्हणजे आतली हवा निघते. मग उलटा न करता चढवा.

जाड बॉडी खाली, दांडा वर. साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपला उलटं चालत नाही.

दांड्याला रंग लागू देऊ नका.

एकच शॉकअप बदलू नका, जोडीनेच बदला.

सगळं झाल्यावर दांडा उघडा असेल तर त्याला प्लॅस्टिकची टाय बांधून बॉडीला टेकवून ठेवा. वर कव्हर असेल तर स्टॉपर रबराला ग्रीस लावा. मग दोन माणसं मागे बसवून गिरणाऱ्यापर्यंत खराब पट्टा निवडून जाऊन या. टाय दांड्याच्या वरच्या टोकाला चिकटलेली दिसली तर शॉकअप तळाला लागतोय, ब्रॅकेट पुन्हा वर घ्यायचं. अ‍ॅक्सलवर ग्रीसचा ठसा उमटला असेल आणि "ठक्" आवाज आला नसेल, तर धक्का रबरावर जातोय, शॉकअपवर नाही. १०० किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा एकदा पान्याने बघा.