मिक्स्ड मीडिया कॅनव्हास : थरावर थर चढवताना या चुका टाळा

मिक्स्ड मीडिया कॅनव्हास, म्हणजे रंग, शाईचे ठसे, पेस्ट असे थर एकावर एक चढवून केलेला कॅनव्हास, बिघडला, की दोष बहुधा रंगसंगतीला दिला जातो; प्रत्यक्षात बिघाडाचे मूळ अनेकदा खालच्या थरात असते. तो पुरता वाळला आहे का, शाई शोषून घेतो का आणि पाणी लागल्यावर पुन्हा सुटतो का, हे न पाहताच पुढचा थर चढवला जातो.

सर्वांत महागात पडते ती स्टॅम्पने ठसा उमटवण्याच्या शाईची चुकीची निवड. साधी डाय शाई कागदावर सुरेख उमटते, पण ती पाण्यात विरघळत असल्याने तिच्यावरून जेल मीडियमचा (ॲक्रिलिकचे घट्टसर, पारदर्शक माध्यम) किंवा पातळ ॲक्रिलिक रंगाचा ब्रश फिरला, की ठशाची रेघ फुटते आणि वर दिलेला पांढऱ्या रंगाचा थरही गुलाबी-जांभळा होऊन बसतो. डिस्ट्रेस प्रकारच्या शाया तर पाण्याने पसराव्यात म्हणूनच बनवलेल्या असतात. त्या पार्श्वभूमीला शोभतात, पण ज्या ठशावर पुढे ओले काम व्हायचे आहे, तो आर्काइव्हल किंवा अन्य जलरोधक शाईनेच उमटवावा. शंका असल्यास एका कोपऱ्यात ठसा उमटवून, तो वाळू देऊन, त्यावरून ओला कापूस हलकेच फिरवावा. कापसाला रंग लागला, तर त्या ठशावर ब्रश टेकवू नये. आधी मोकळ्या हवेत फिक्सेटिव्हचे (रंग पक्का धरून ठेवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन विरळ फवारे द्यावेत आणि प्रत्येक फवारा वाळल्यावरच दुसरा मारावा.

ठसा वाळतच नाही, बोट लागताच पुसला जातो, अशीही तक्रार असते. पिगमेंट शाई (बारीक रंगकणांची शाई) मुख्यतः शोषली जाऊन वाळते, त्यामुळे चकचकीत जेल मीडियमवर ती नुसती तरंगत राहते. अशा वेळी ठसा पुसून त्या जागी पारदर्शक जेसोचा (रंगाखाली देण्याच्या अस्तराचा) पातळ हात द्यावा, म्हणजे पृष्ठभागाला खरखरीतपणा येतो आणि शाई धरली जाते.

ठसा अर्धवट उमटण्याचे कारण वेगळे आहे. चौकटीवर ताणलेला कॅनव्हास दाबाखाली आत जातो आणि विणीच्या खाचांपर्यंत शाई पोहोचत नाही. म्हणून जेसोचे दोन-तीन हात देऊन, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासून, ठसा मारताना कॅनव्हासच्या मागे चौकटीच्या आत बसेल असे जाड पुस्तक ठेवावे. पार्श्वभूमीतल्या अक्षरांचा ठसा मात्र तुटकच बरा दिसतो, तो दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये.

मॉडेलिंग पेस्टवर (उठाव देण्यासाठी लावायच्या जाड पेस्टवर) हीट गन, म्हणजे गरम हवा सोडणारे यंत्र, जवळून धरणे ही निव्वळ घाई आहे. वर साय धरते, आत पेस्ट ओलीच राहते आणि वाफेने फोड येतात. जाड थर रात्रभर तसाच सोडावा.

निळ्यावर नारिंगी ओल्यातच ओढला, तर मातकट रंगच मिळणार. मध्ये वाळवणे एवढाच त्यावर उपाय आहे. रंगाने भरलेला स्टॅम्प लगेच धुवावा, कारण वाळलेले ॲक्रिलिक बारीक रेघांत घट्ट बसते.

शेवटच्या वार्निशलाही ओल्या कामाचा तोच नियम लागू आहे. एकही ठसा पाण्याने सुटणारा असेल, तर पाण्यातले वार्निश ब्रशने लावू नये. स्प्रे वार्निशचे विरळ हात द्यावेत.