आधी पोच, मग मोजणी: स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर दुरुस्त करताना

मशीन मध्येच थिजतं. माउस हलतो, घड्याळ चालतं, पण सेव्ह करायला दिलेली फाइल काही सेव्ह होत नाही. मग काहीच घडलं नाही अशा थाटात सगळं पुन्हा सुरू होतं. अशी तक्रार आली की मी आधी एकच विचारतो: नेमकं किती वेळ? ‘बराच वेळ’ हे उत्तर मला चालत नाही. घड्याळ लावून मोजा.

आकडा बरोबर तीस सेकंद आला तर तो डिस्कचा नाही, कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा आहे. लिनक्सच्या स्कझी थरात (कर्नलमधून डिस्ककडे कमांडी नेणारा भाग) डिस्कला दिलेल्या कमांडची मुदत मुळात ३० सेकंदांची असते. ती संपली की एरर हँडलिंग जागं होतं, कंट्रोलर (डिस्क चालवणारं कार्ड) रीसेट होतो, कमांड पुन्हा जाते आणि गाडी चालू लागते. म्हणजे ते तीस सेकंद कुणीच काही करत नव्हतं. सगळे एका निरोपाची वाट बघत होते. तो निरोप निघालाच नाही, की निघून वाटेत हरवला, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

माझ्याकडे आलेला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा कर्नलमधला कोड, चार पोर्टांच्या एका जुन्या साटा (डिस्क जोडायची एक पद्धत) कार्डाचा होता. थेट स्कझी थराला जोडलेला, मूळ लिहिणारे केव्हाच पांगलेले. माझ्या हाती पडेपर्यंत दोन डिस्क बदलून झाल्या होत्या, केबल तीनदा. चोर सोडून संन्याशाला फाशी. शिवाय कुणीतरी मुदत ३० वरून १८० सेकंदांवर नेऊन ठेवली होती. त्याने इतकंच साधलं की मशीन अर्ध्या मिनिटाऐवजी तीन मिनिटं थिजायला लागलं, आणि प्रोसेस १२० सेकंदांहून जास्त अडकली की येणारा हंग टास्कचा इशाराही अधूनमधून लॉगमध्ये उमटायला लागला.

खरा धागा दिला तो मशीन वापरणाऱ्याने. तो म्हणाला, “अडकलं की मी दुसऱ्या टर्मिनलवर कधी न उघडलेली एखादी फाइल उघडतो, लगेच सुटतं.” तो हे ओशाळून सांगत होता, देवाला कौल लावल्यासारखं. मी मात्र खुर्चीत सावरून बसलो. वापरणाऱ्यांच्या असल्या टोटक्यांना हसू नका, लिहून घ्या. हा टोटका का चालायचा ते पुढे येईलच.

आधी पुरावा

रीसेट झाला की सगळे ठसे पुसले जातात. म्हणून पहिली भर टाइमआउटच्या कॉलबॅकमध्ये, म्हणजे मुदत संपली की ड्रायव्हरमधलं जे फंक्शन बोलावलं जातं त्यात, घाला: रीसेटला हात लावण्याआधी कंट्रोलरची चार-पाच रजिस्टरं (कार्डावरच्या नोंदींच्या छोट्या जागा) वाचून लॉगमध्ये टाका. इंटरप्ट स्टेटस (इंटरप्ट म्हणजे कार्डाने सीपीयूला मारलेली हाक), इंटरप्ट एनेबल, चालू कमांडींचं रजिस्टर, टास्क फाइल (डिस्कची ताजी स्थिती) आणि लिंकच्या एररचं रजिस्टर. एएचसीआय या साटाच्या प्रमाण रचनेच्या कंट्रोलरला प्रत्येक पोर्टामागे ३२ कमांडींच्या जागा असतात आणि चालू कमांडींच्या रजिस्टरात प्रत्येकीचा एक बिट. माझ्या कार्डाची रचनाही तशीच होती.

आता वाचा. सगळीकडे नुसते एक भरलेले दिसले, म्हणजे प्रत्येक रजिस्टर हेक्समध्ये आठ एफ, तर कार्डच बसवरून, म्हणजे कार्ड आणि सीपीयू यांच्यामधल्या जोडणीवरून, गेलंय. पुढचं काही वाचू नका. कमांडचा बिट अजून लागलेला आणि टास्क फाइलमध्ये बिझी असेल, तर डिस्क किंवा लिंक खरंच अडकलीये. इंटरप्ट स्टेटस लागलेला पण हँडलर (इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन) आलाच नाही, तर इंटरप्ट कुठेतरी मास्क झालाय, म्हणजे दाबून ठेवला गेलाय, किंवा भलतीकडे जातोय. आणि कमांडचा बिट उतरलेला, स्टेटसही कोरा, तरी ड्रायव्हरच्या मते कमांड चालूच? मग हार्डवेअरने काम करून दिलंय, आपल्यालाच ऐकू आलं नाही. एनव्हीएमई जातीच्या एसएसडींचा ड्रायव्हर टाइमआउट झाल्यावर आधी रांगेत स्वतः डोकावून बघतो, आणि उत्तर तिथे पडलेलं सापडलं तर ‘कम्प्लीशन पोल्ड’ असं लॉगमध्ये लिहितो. तीच ही गत.

माझ्याकडे हीच शेवटची गत निघाली. डिस्क निर्दोष.

एक मात्र सांभाळा. इंटरप्ट हँडलरमध्ये प्रिंटके (लॉगमध्ये ओळ छापणारं कर्नलचं फंक्शन) घालू नका. मी घातला, आणि बग दोन दिवस गायब झाला. दोन दिवस छान झोपलो. प्रिंटके हळू असतो, त्याने वेळेची सगळी गणितं बदलतात. तिथे ट्रेस प्रिंटके वापरा. तो मेमरीतल्या बफरमध्ये लिहितो आणि फारसा अडथळा करत नाही.

मी आणखी एक दिवस गिट बायसेक्टमध्ये, म्हणजे जुन्या बदलांची यादी अर्धी-अर्धी करत दोषी शोधण्यात, घालवला, तो तुम्ही वाचवा. पूर्वी चालत होतं आणि एखाद्या बदलानंतर बिघडलं, तर बायसेक्टसारखं हत्यार नाही. हजार कमिटांतून (नोंदलेल्या बदलांतून) दहाएक फेऱ्यांत दोषी सापडतो. पण इथे बदललं होतं ते हार्डवेअर. ड्रायव्हर फिरत्या डिस्कच्या काळातला, तेव्हा दोन उत्तरांमध्ये मिलिसेकंदांचं अंतर असायचं. एसएसडी बसवल्या आणि उत्तरं एकमेकांच्या पायात पाय घालून यायला लागली. बग पहिल्या दिवसापासून होता, त्याला संधी मिळत नव्हती इतकंच.

तीन ओळी

हँडलर असा होता. स्टेटस वाचायचा. मग चालू कमांडींचं रजिस्टर वाचून ज्यांचे बिट उतरलेत त्या कमांडी पूर्ण करायचा. आणि शेवटी वाचलेला स्टेटस परत लिहून तो पुसायचा, म्हणजे कार्डाला पोच द्यायचा. वाचताना अगदी सरळ वाटतं: काम संपवा, मग सही करा.

आता मधल्या आणि शेवटच्या पायरीच्या फटीत दुसरी कमांड पूर्ण झाली असं धरा. कार्ड स्टेटसचा बिट लावायला जातं, पण तो आधीच लागलेला आहे. पुढच्याच क्षणी आपण तो पुसतो. आपण पोच दिली एका निरोपाची, कार्डाने ती धरली दोन्हींची. दुसरी कमांड झालेली आहे, इंटरप्ट मात्र उरला नाही.

यानंतर त्या पोर्टावर तिसरी कुठलीही कमांड गेली तर तिच्या इंटरप्टवर हँडलर येतो, रजिस्टर वाचतो, आणि हरवलेली कमांडही त्याच झाडाझडतीत सापडते. टर्मिनलवर नवी फाइल उघडण्याचा टोटका हाच. नवी फाइल म्हणजे नवी कमांड, नवी कमांड म्हणजे नवा इंटरप्ट. आणि म्हणूनच हा बग भरगच्च लोडखाली दिसत नाही: ३२ कमांडी सतत धावत असल्या की पुढची मागचीला सोडवत राहते. माझी रात्रभराची लोड टेस्ट म्हणूनच निर्मळ पास होत होती. तो दिसतो निवांत वेळी, जेव्हा दोनच कमांडी जातात आणि पुढे कुणी येत नाही.

तेव्हा तो घडवून आणायचा तर एफआयओ या डिस्क तपासायच्या साधनाला दोन कमांडी एकदम पाठवायला सांगा आणि दोन्ही परत आल्याशिवाय तिसरी पाठवू देऊ नका. त्यासाठी बॅच कम्प्लीटचा किमान आकडा दोन ठेवायचा. शिवाय संशयित फट मुद्दाम रुंद करा. मी रजिस्टर वाचणं आणि स्टेटस पुसणं यांच्या मध्ये ५० मायक्रोसेकंदांचा यूडिले (नुसतं थांबवून ठेवणारं फंक्शन) टाकला. दिवसातून एखाद्या वेळी येणारा बग मिनिटभरात दारात उभा राहिला. शर्यतीचा बग, म्हणजे आधी कोण पोचतं यावर ठरणारा, असा हातात धरता आला नाही तर दुरुस्ती झाली हे कशावरून म्हणणार?

दुरुस्ती म्हणजे ओळींची अदलाबदल. स्टेटस वाचा, लगेच पुसा, आणि मग चालू कमांडींचं रजिस्टर वाचा. आता पुसल्यानंतर एखादी कमांड संपली तर बिट नव्याने लागतो आणि नवा इंटरप्ट येतो. फार तर काय होईल, ती कमांड आपण आत्ताच उचललेली असेल आणि येणारा इंटरप्ट रिकामा ठरेल. रिकामा फेरा परवडतो, हरवलेला निरोप परवडत नाही.

इथे चाणाक्ष माणूस विचारेल की पोस्टेड राइटचं काय? पीसीआय बसवर सीपीयू लिहून मोकळा होतो, ते कार्डापर्यंत पोचायला वेळ लागू शकतो. पण त्याच कार्डाचं रजिस्टर पाठोपाठ वाचलं की आधीचा राइट पुढे रेटला जातो, कारण रीडला आपल्या पुढच्या राइटला ओलांडून जाता येत नाही. नव्या क्रमात लगेच रीड आहेच, वेगळी तजवीज नको.

एएचसीआयमध्ये स्टेटस दोन मजली असतो, पोर्टाचा वेगळा आणि अख्ख्या कंट्रोलरचा वेगळा. वरच्या मजल्याचा क्रम उलटा: आधी पोर्टांचे स्टेटस पुसायचे, मग कंट्रोलरचा. उलटं केलंत तर प्रत्येक खऱ्या इंटरप्टमागे एक पोकळ इंटरप्ट येतो. आणि स्टेटस मुळात कोराच असेल तर ‘आपला नाही’ असं प्रामाणिकपणे परत सांगा. पण आपला असताना नाही म्हणत राहिलात, तर एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून जास्त बेवारस निघाल्यावर कर्नल ‘नोबडी केअर्ड’ म्हणून ती लाइनच बंद करतो, आणि तिच्यावर बसलेलं शेजारचं कार्डही तुमच्याबरोबर जातं.

त्याहून वाईट

तीस सेकंदांचा बग नुसता त्रास देत होता. एरर पाथमध्ये जो सापडला तो डेटा खाणारा होता. टाइमआउट झाला की हा ड्रायव्हर आधी कमांड ‘फेल’ म्हणून वर परत द्यायचा, तिचं डीएमए मॅपिंग (कार्डाने थेट मेमरीत लिहायला राखून दिलेली जागा) सोडायचा, आणि मग निवांत रीसेट करायचा. मधल्या काळात कार्डाचं डीएमए इंजिन चालूच. ती मेमरीची पानं तोवर दुसऱ्या कुणाकडे गेलेली, आणि कार्ड त्यांवर जुनं उत्तर लिहितंय.

क्रम असा हवा: इंजिनाला थांब म्हणा, ते थांबल्याची खूण बघा, मग मॅपिंग सोडा, मग कमांड परत द्या. एएचसीआयमध्ये स्टार्टचा बिट उतरवल्यावर कमांड लिस्ट रनिंगचा बिट उतरायची वाट बघावी लागते, त्यासाठी किमान ५०० मिलिसेकंद द्या. तेवढ्यात थांबलं नाही तर रीसेट, पण मॅपिंग त्यानंतरच सोडायचं. ही वाट बघणारा लूप बेमुदत ठेवू नका. कार्ड उपटलं गेलं तर सगळे बिट एक वाचले जातात आणि लूप जन्मभर फिरत बसतो. आणि स्पिनलॉक (जे धरून झोपायचं नसतं असं कुलूप) धरून एमस्लीप (झोपून वाट बघणं) करू नका, हे सांगायची वेळ येऊ नये. या ड्रायव्हरात तीन ठिकाणी आली.

हे पकडायला आयओएमएमयू (कार्डाला कुठल्या मेमरीला हात लावता येईल ते ठरवणारं हार्डवेअर) चालू करा आणि तो स्ट्रिक्ट मोडमध्ये ठेवा. नाहीतर सोडलेलं मॅपिंग थोडा वेळ जिवंत राहतं आणि चोरी दिसत नाही. सोबत डीएमए एपीआय डीबग, केएसॅन आणि लॉकडेप (अनुक्रमे डीएमए, मेमरी आणि लॉक यांतल्या चुका पकडणारे) हे तिन्ही चालू असलेला कर्नल बांधा. मशीन रांगेल, रांगू द्या. एरर पाथ मुद्दाम चालवून बघायला कर्नलमध्येच आयओ टाइमआउटचं फॉल्ट इंजेक्शन (खोटा बिघाड घालायची सोय) आहे, आणि एफआयओच्या व्हेरिफायमध्ये प्रत्येक ब्लॉकला सीआरसी (पडताळणीचा आकडा) लावून परत वाचता येतं. मी इंजेक्शन आणि व्हेरिफाय एकत्र चालवले. जुना ड्रायव्हर दहा मिनिटं टिकला नाही.

सुधारणा

दुरुस्ती आणि सुधारणा एका पॅचमध्ये कालवू नका. दुरुस्त्या जुन्या कर्नलांतही जातात, सुधारणा जात नाहीत.

वेगाच्या नावाखाली लोक आधी इंटरप्ट कोअलेसिंगकडे धावतात, म्हणजे चार उत्तरं साठवून एकच इंटरप्ट. मला ते फारसं पटत नाही. एकेकट्या कमांडीला उगाच ताटकळावं लागतं. मला खरा लाभ दोन ठिकाणी झाला. पहिला, चारही पोर्ट एकाच स्कझी होस्टखाली (स्कझी थराच्या लेखी एक कंट्रोलर) होते, तर प्रत्येक पोर्टाला स्वतंत्र होस्ट दिला. स्कझीचं एरर हँडलिंग सुरू झालं की ते अख्ख्या होस्टला थांबवतं आणि त्यावरच्या सगळ्या चालू कमांडी एकतर पूर्ण किंवा फेल होईपर्यंत वाट बघतं. म्हणजे एका डिस्कच्या दुखण्याने बाकी तिघी झोपायच्या. लिनक्सची साटा लायब्ररी लिबएटाही दर पोर्टाला वेगळाच होस्ट देतो. असं करताना एकच सामाईक लॉकही फुटून चार झाले, ते वरकड.

दुसरा लाभ डोअरबेलचा, म्हणजे नवी कमांड आलीये हे कार्डाला सांगणाऱ्या राइटचा. वरचा थर प्रत्येक कमांडीसोबत ‘ही शेवटची का’ हे सांगतो. शेवटचीलाच रजिस्टरात लिहिलं की बाकीचे राइट वाचतात. पण मधली एखादी कमांड तुम्ही ‘जागा नाही’ म्हणून परत केलीत तर शेवटची कधी येतच नाही आणि आधीच्या बेलविना पडून राहतात. त्यासाठी कमिट आरक्यूएस नावाचा कॉलबॅक आहे, तो भरलाच पाहिजे. नाहीतर पुन्हा तीस सेकंद.

पॅच पाठवताना ‘फिक्सेस’ टॅगमध्ये मूळ कमिटच्या हॅशचे (ओळखीच्या खुणेचे) पहिले १२ आकडे-अक्षरं द्या, चेकपॅच ही तपासणीची स्क्रिप्ट चालवा, गेट मेंटेनर ही स्क्रिप्ट जे पत्ते देईल त्या सगळ्यांना पाठवा. अदलाबदलीचा माझा पॅच तीन ओळींचा होता आणि वर्णन चाळीस ओळींचं, दोन्ही बाजूंचा घटनाक्रम शेजारी शेजारी मांडलेला. तपासणाऱ्याने एकच विचारलं: यूडिले जुन्याच दोन रीड-राइटांच्या मध्ये ठेवून नवा क्रम चालवलास का? चालवला होता, रात्रभर. नव्या क्रमात तो पुसणं आणि रजिस्टर वाचणं यांच्या मध्ये पडतो, आणि तिथे कितीही वाढवला तरी निरोप हरवत नाही.

आणि ते १८० सेकंद परत ३० वर आणा. मी विसरलो होतो. महिन्याभराने एक केबल खरंच ढिली झाली, आणि मशीन तीन मिनिटं थिजलं.