दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये स्वतःची स्पीकर सिस्टीम: जागेपासून ट्यूनिंगपर्यंत

छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये आधी जागा ठरते, मग स्पीकर. उलट क्रमाने गेलात तर महागडा सबवूफर (खोल बेस वाजवणारा मोठा स्पीकर, थोडक्यात सब) घरात पडून राहतो किंवा चुकीच्या आकाराच्या खोक्यात कोंबला जातो. म्हणून खरेदीची यादी बाजूला ठेवा आणि मोजपट्टी घ्या.

सुरुवात दारापासून करा. डोअर ट्रिम काढा, काच पूर्ण खाली घ्या आणि आतल्या पत्र्यापासून काचेपर्यंतचे अंतर मोजा. समजा ते ५२ मिमी आहे. स्पीकरखाली १८ मिमीची रिंग बसवणार असाल तर ७० मिमी मिळाले. त्यातले ५ मिमी काच हलण्यासाठी सोडा. म्हणजे ६५ मिमीपर्यंत खोलीचा स्पीकर चालेल. ट्रिमची जाळी आणि कोनचा (स्पीकरच्या पुढेमागे हलणाऱ्या पडद्याचा) रबर यांच्यात किमान १० मिमी मोकळे हवेत, नाहीतर मोठ्या आवाजात कोन जाळीला आपटतो.

रिंगसाठी एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) वापरू नका. दारात पावसाचे पाणी येतेच. एमडीएफ ते पिते, फुगते आणि स्क्रू सैल होतात. मरीन प्लाय किंवा एचडीपीई (टणक प्लास्टिक) घ्या. प्लायच्या कापलेल्या कडांना रेझिनचे किंवा ऑइल पेंटचे दोन हात द्या.

आता दारातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आतल्या पत्र्याला मोठी भोके असतात. कोनच्या मागून निघालेली लहर त्या भोकांतून पुढे येते आणि पुढच्या लहरीला मारते, म्हणून बेस पातळ होतो. स्पीकर बदलून हे दुरुस्त होत नाही. मोठ्या भोकांवर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट करा आणि वरून ॲल्युमिनियमच्या थराची २ मिमी ब्युटाइल शीट रोलरने दाबून बसवा. बाहेरच्या पत्र्याला पूर्ण लेप देण्याची गरज नाही. एक तृतीयांश भाग झाकला तरी पत्र्याचा झणझणाट बराच कमी होतो. दाराच्या तळाची पाणी जायची भोके मात्र उघडीच ठेवा, नाहीतर दार आतून गंजेल. ट्रिम आणि पत्रा यांच्यात क्लोज्ड-सेल फोमची पट्टी लावा. रिंग आणि पत्रा यांच्यातही फोम गॅस्केट हवा.

सबवूफरचे खोके

दोन आसनी गाडीत सबसाठी तीनच जागा वापरण्याजोग्या असतात: शेजारच्या सीटचा पायठाव, सीटमागची पोकळी आणि डिकी. छत उघडणाऱ्या गाडीत डिकी आणि केबिन यांच्यात पत्र्याची भिंत असते. त्यामुळे डिकीतला सब केबिनपेक्षा मागच्या गाडीवाल्यालाच जास्त ऐकू येतो. पायठावात मधला पडदा नसतो, वजन खाली राहते आणि पाय ठेवायला जागाही उरते. आमची पहिली पसंती तीच.

खोके बंद प्रकारचे करा. पोर्टच्या (हवा जाण्यायेण्याची नळी असलेल्या) खोक्याला जागा जास्त लागते आणि इथे ती नाही. दुसरे कारण भौतिकशास्त्राचे आहे. सुमारे २ मीटर लांबीच्या केबिनमध्ये साधारण ८६ हर्ट्झच्या खाली आवाजाचा दाब आपोआप वाढत जातो, तत्त्वतः दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत. बंद खोक्याचा आवाज खाली जाताना साधारण त्याच दराने उतरतो. दोन्ही एकमेकांची उणीव भरतात, आणि म्हणूनच ८ इंची सब छोट्या केबिनमध्ये अपेक्षेपेक्षा खोल वाजतो. छत उघडले की हा फायदा बहुतेक जातो. डीएसपीमध्ये (आवाजाची सेटिंग्ज करणाऱ्या डिजिटल उपकरणात) उघड्या आणि बंद छताची दोन वेगळी सेटिंग्ज ठेवण्याचे कारण हेच.

आकारमानाचा हिशेब असा. क्यूटीएस (सबचा स्वतःचा घुमण्यावरचा ताबा) आणि व्हीएएस (सबच्या लवचिकतेइककी हवा, लिटरमध्ये) हे आकडे सबच्या माहितीपत्रकात असतात; क्यूटीसी म्हणजे खोक्यात बसवल्यावरचा तोच ताबा, आकडा मोठा तितके घुमणे जास्त. हव्या असलेल्या क्यूटीसीला सबच्या क्यूटीएसने भागा, उत्तराचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा. आलेल्या आकड्याने व्हीएएसला भागले की लिटर मिळतात. क्यूटीएस ०.४५, व्हीएएस १८ लिटर, हवी असलेली क्यूटीसी ०.७०७ धरली तर सुमारे १२.३ लिटर येतात. खोके जितके लहान, तितकी क्यूटीसी वर जाते आणि बेस एकाच सुरावर घुमायला लागतो.

पायठावाचा मजला तिरका असतो, म्हणून खोके पाचरीसारखे येते. आतली रुंदी ३६ सेमी, उंची ३० सेमी, खोली एका टोकाला १६ आणि दुसऱ्या टोकाला १० सेमी, म्हणजे सरासरी १३. हे झाले १४ लिटर. सबचा मॅग्नेट आणि बास्केट साधारण १.२ लिटर खातात, आतला आधाराचा तुकडा अर्धा लिटर. उरले १२.३. एवढ्या खोलीत उथळ बांधणीचा सबच बसतो आणि तोही जास्त खोली असलेल्या बाजूला घ्यावा लागतो. १५ मिमी बर्च प्लाय पुरतो. सांध्यांना गोंद आणि दर ८ सेमीवर स्क्रू. आतल्या प्रत्येक कडेला सिलिकॉन फिरवा आणि सब बसवण्याआधी ते २४ तास सुकू द्या, कारण काही सिलिकॉनच्या वाफा सबच्या चिकटकामाला आणि धातूला त्रास देतात. तयार खोक्याची हवाबंदी तपासायला कोन हलक्या हाताने दाबून काही क्षण धरा आणि मग सोडा. तो सावकाश परत आला तर हवा धरली आहे. झटकन आला तर फट शोधा.

खोके ब्रॅकेटने गाडीच्या मूळ बोल्टांना घट्ट जोडा. अपघातात सुटे खोके थेट पायांवर येते. नवे भोक पाडावे लागलेच तर गाडीखाली जाऊन इंधनाची आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते आधी पाहा. एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला आणि सीटखालच्या कनेक्टरला हात लावायचा नाही. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा.

सीटमागच्या वेड्यावाकड्या पोकळीसाठी फायबरग्लास लागतो. जागेवर मास्किंग टेपचे दोन थर, वर ॲल्युमिनियम फॉइल, मग ४५० ग्रॅमची (दर चौरस मीटरला) काचतंतूंची मॅट. एक चौरस मीटर मॅटला सुमारे १ किलो पॉलिएस्टर रेझिन लागते आणि प्रत्येक थर साधारण १ मिमी जाड होतो. भिंत ६ मिमीची हवी, म्हणजे पाच-सहा थर. पहिले दोन थर गाडीत, बाकीचे साचा बाहेर काढून. रेझिन घट्ट करणारा हार्डनर १ ते २ टक्के. एका भांड्यात एकदम जास्त कालवलेत तर ते तापून धुरकटते, म्हणून पाव-पाव किलोनेच घ्या. रेझिनमध्ये कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) आधीच घातलेले नसेल तर कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. वाफेचा मास्क आणि चष्मा हवाच, हार्डनरचा थेंब डोळा घालवू शकतो. पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल विरघळवते, म्हणून आकार देण्यासाठी तो वापरू नका.

वीज

ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) चार चॅनेलचे प्रत्येकी ७५ वॉट आणि सबचे २५० वॉट, एकूण ५५० वॉट आरएमएस (सतत देता येणारी शक्ती). क्लास-डी ॲम्प ८० टक्के कार्यक्षम धरला तर १३.८ व्होल्टवर जेमतेम ५० ॲम्पिअर. ४ मीटर अंतराला १६ चौ. मिमीची शुद्ध तांब्याची वायर वापरली तर त्यात ०.२ व्होल्टच पडतात. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर याच जाडीत कमी पडते. ६० ॲम्पिअरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेमीच्या आत हवा. तो ॲम्पसाठी नसून वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागू नये म्हणून असतो. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत बॅटरी डिकीतच आहे. तिथे वायर आखूड होते, पण बॅटरीची वायुनळी जागेवर आहे ना ते पाहा. अर्थिंगसाठी रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, लग बोल्टने आवळा आणि वरून ग्रीस लावा.

ट्यूनिंग

क्रॉसओव्हर म्हणजे कुठला सूर कुठल्या स्पीकरला जायचा ते वाटणारे सेटिंग. सब आणि दारे ८० हर्ट्झवर, दारे आणि ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) ३ किलोहर्ट्झवर, दोन्हीकडे दर सप्तकाला २४ डेसिबलचा उतार. इथून सुरुवात करा. ट्वीटर थेट ॲम्पवर असेल तर त्याच्या ओळीत ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर घाला. ॲम्प चालू होतानाचा एक ठोका ट्वीटर जाळायला पुरेसा असतो.

गेन (ॲम्प सिग्नल किती वाढवतो ते) कानाने लावू नका. स्पीकर सोडवा, क्रॉसओव्हर आणि ईक्यू (सूरांची पातळी कमी-जास्त करणारे सेटिंग) बंद करा, हेडयुनिट तीन चतुर्थांश आवाजावर ठेवा आणि टेस्ट टोन वाजवून एसी व्होल्ट मोजा. ४ ओहमवर ७५ वॉटसाठी १७.३ व्होल्ट, २५० वॉटसाठी ३१.६ व्होल्ट. सबला ५० हर्ट्झ आणि बाकीच्यांना ४०० हर्ट्झचा टोन घ्या, कारण साधे मल्टीमीटर त्यापुढे चुकतात.

चालकाला एका बाजूचा स्पीकर फार जवळ पडतो, म्हणून विलंब द्यावा लागतो. सगळ्यात लांबचा स्पीकर डोक्यापासून १२५ सेमी, जवळचे दार ८० सेमी. फरक ४५, त्याला ३४.३ ने भागा, १.३१ मिलिसेकंद. असेच प्रत्येक स्पीकरचे करा. गायिकेचा आवाज डॅशबोर्डच्या मध्यावरून आला की हिशेब बरोबर आहे. मग पिंक नॉइज (सगळ्या सप्तकांत सारखी शक्ती असलेला चाचणीचा सूसूकार) आणि मायक्रोफोनने मोजून उंचवटे कापा. खोल दरी दिसली तर ती ईक्यूने उचलू नका. तिथे दोन लहरी एकमेकींना मारत असतात आणि दिलेली वीज फुकट जाते.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी आली तर आधी अर्थिंग पुन्हा घासा, मग सिग्नलची वायर पॉवर वायरपासून गाडीच्या दुसऱ्या कडेने न्या. खडखड आली तर ३० ते १०० हर्ट्झचा स्वीप (हळूहळू चढणारा सूर) वाजवत एकाने ट्रिमवर हात दाबत जायचे. बहुतेक वेळा नंबरप्लेट किंवा दाराच्या आतली लॉकची सळई सापडते. सळईभोवती फोम टेप गुंडाळा.