टॉवर लॅम्प लावताय? तांबडी वायर आधी नीट जोडा

सर्व्हर रूमबाहेर तीन रंगांचा टॉवर लॅम्प लावायला सामान मोजकंच लागतं: २४ व्होल्टचा लॅम्प, त्याला वीज देणारा एसएमपीएस, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि रिले बोर्ड, म्हणजे पायच्या इशाऱ्यावर चालणारे विजेचे स्विच. हिरवी आणि पिवळी वायर रिलेच्या एनओवर (नॉर्मली ओपन: रिले ओढला तरच जोडलं जाणारं टोक) टाकून मोकळे व्हा.

सर्व्हरवर नजर ठेवणारं नागिओस हे सॉफ्टवेअर प्रत्येक तपासणीचा निकाल आकड्यात देतं. ० हिरवा, १ पिवळा, २ तांबडा. ३ म्हणजे ‘अननोन’, निकालच कळला नाही. त्याला पिवळा द्या असं सांगणारे बरेच भेटतील. मी तांबडाच देतो. आणि ‘हार्ड’ स्थिती, म्हणजे पुन्हा पुन्हा तपासून पक्का झालेला निकाल, झाल्याशिवाय दिवा बदलू नका, नाहीतर आठवड्याभरात लॅम्पकडे कुणी ढुंकून बघत नाही.

आता तांबडी वायर. जो तो तीही एनओवरच टाकायला सांगतो. मीही टाकली होती. एका रविवारी रात्री पायवरची, निकाल वाचून रिले चालवणारी स्क्रिप्ट मेली, पाठोपाठ सर्व्हरची डिस्क भरली. स्क्रिप्ट मेली तरी रिलेला इशारा देणारी पायची पिन होती तशीच राहते, त्यामुळे सकाळी वॉचमन म्हणाला, “साहेब, रात्रभर हिरवाच होता की!” त्याचं काय चुकलं?

म्हणून तांबडी एनसीवरच (नॉर्मली क्लोज्ड: रिले सुटलेला असताना जोडलेलं टोक) टाका. सगळं ठीक असेल तोवर स्क्रिप्टनं रिले ओढून धरायचा. सुटला की तांबडा पेटतो. नागिओसची स्टेटस फाइल दोन मिनिटांहून जुनी दिसली, तर स्क्रिप्टनं हिरवा विझवून हा रिले सोडून द्यायचा. स्क्रिप्टच मेली तर? पायमधला हार्डवेअर वॉचडॉग, म्हणजे कुणी टोकत राहिलं नाही तर पाय रीसेट करणारा टायमर, फार तर १५ सेकंद वाट बघतो आणि पाय रीसेट करतो. पिना सुटतात, रिलेही सुटतात. फक्त हा वॉचडॉग सिस्टमडीच्या (लिनक्सवरचे प्रोग्राम चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) हाती देऊ नका. सिस्टमडी ठणठणीत आणि स्क्रिप्ट गेलेली, असं होतं. वॉचडॉगला स्क्रिप्टनंच दर पाच सेकंदांनी टोकलं पाहिजे.

स्वस्तातल्या निळ्या रिले बोर्डांत अजून एक मेख आहे. बोर्ड ५ व्होल्टवर, पायची पिन ३.३ची, त्यामुळे कधी कधी रिले सुटतच नाही. बोर्डावरचा जेडी-व्हीसीसीचा जंपर (दोन्हीकडची वीज एकत्र जोडणारी छोटी टोपी) काढा, पिनचा इशारा घेणाऱ्या ऑप्टोला ३.३ आणि रिले ओढणाऱ्या कॉइलला ५ द्या.

मग तपासा: स्क्रिप्ट मारा, लॅनची केबल उपटा, पायचा प्लग काढा. तिन्ही वेळा तांबडा पेटलाच पाहिजे. एसएमपीएस मात्र वेगळ्या प्लगवर, यूपीएसमागे ठेवा. तोच गेला तर लॅम्प पूर्ण काळा पडतो, म्हणून आमच्याकडे खाली चिठ्ठी चिकटवली आहे: ‘एकही दिवा नाही म्हणजे तांबडाच समजा. फोन करा.’